धरायला काहीतरी

रविवार कारंजाजवळ, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
माझा संध्याकाळचा क्लास.
फळ्यावर खडूपेक्षा पीठच जास्त,
खाली पट्टा फिरू लागला
की सगळी क्रियापदं थरथरतात.

चिंतामण गांगुर्डे मागच्या बाकावर बसतो,
केस ओले, शर्टाला शेवाळाचा वास.
रामकुंडापासून टाळकुटेश्वराच्या पुलापर्यंत
बुडेल ते काढायचं, हे त्याचं काम.
नथी, मोबाइल, पितळी तांबे, माणसं.
महापालिकेच्या कुठल्याशा अर्जात
इंग्रजीत लिहायचंय स्वतःविषयी. पाच ओळी.

पहिली ओळ : आय ब्रॉट गर्ल फ्रॉम वॉटर.

म्हटलं, चिंतामण, ही कोथिंबीर आणल्यासारखी वाटते.
आणि फळ्यावर लिहिलं
अप आउट ऑफ.
त्यानं बोटावर मोजले.
एका पोरीला तीन शब्द?
आम्ही म्हणतो पाण्यातून. झालं की.
शिवाय आम्ही गंगेवर जातो, गंगेत नाही,
तिथं काय लिहू, ऑन?

मग मी सांगते, वीस वर्षं सांगत आलेय तेच,
की इंग्रजी आधी दिशा दाखवते, मग जागा.
अप, डाउन, अवे, बॅक, हे सुटे गडी,
वाक्याच्या टोकाला एकटे उभे राहतात.
ऑफ, फ्रॉम, टू यांचं तसं नाही,
त्यांना धरायला काहीतरी लागतं,
एखादं नाम, एखादं सर्वनाम तरी,
नाहीतर हात हवेतच राहतो.

दाखवायला म्हणून डस्टर उचलला
तर तो निसटला हातातून.
आउट थ्रू द विंडो, इरफाना ओरडली,
डाउन ऑन टू द पत्रा!
वर्ग हसला. ती धावत गेली जिन्यानं,
आणि मी तिच्या पावलांबरोबर फळ्यावर लिहीत राहिले
डाउन टू,
अक्रॉस टू.

चिंतामण हसला नव्हता.
म्हणाला, कळलं मॅडम.
अप हे पायाचं. तळाला टाच मारायची
आणि सुटायचं वर.
आउट ऑफ हे हाताचं.
मागून जायचं, काखेत हात घालायचा,
केस सापडले तर केस.
गळ्याला मिठी मारू द्यायची नाही कुणाला,
आपलं असलं तरी.

मला एवढं चांगलं कधी सांगता आलं नव्हतं.
मग उगीच, मराठीची बाजू राहू नये म्हणून,
पाण्यातून हा शब्द फोडून दाखवला.
आधी पाण्यात. मग ऊन.
आपल्यातही दोन आहेत रे, फक्त विरघळलेत.
त्यानं ते वहीत उतरवून घेतलं,
मध्ये रेघ मारून, पाण्यात | ऊन,
आणि रेघेकडे बघत म्हणाला,
म्हणजे आधी आत जावंच लागतं.

दुसरी, तिसरी, चौथी ओळ नीट झाली.
मुलगी अप आउट ऑफ द वॉटर आली,
पायऱ्यांवरून ओव्हर टू हर मदर गेली,
आणि साडेसातच्या गाडीनं बॅक टू जळगाव.

पाचवी त्यानं मला न विचारता लिहिली.
ती गेल्या वर्षीची, होळकर पुलाखालची.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी होतं त्या दिवशी.

ही वेंट डाउन.

मी लाल पेन उघडलं.
डाउन इन टू? डाउन अंडर?
म्हटलं, पुढे काहीतरी लागेल इथं.

नाही मॅडम, तो म्हणाला.
हाताला काही लागलंच नाही.

खाली गिरणीवाल्यानं पट्टा काढला.
वाक्य बरोबर होतं. पूर्णविरामही होता.
दारात इरफाना, धापा टाकत,
विचारते, मॅडम,
डस्टर कुठे ठेवू?